तिवशाची मैनाबाई गेली

१

मैनाबाई गेल्याची बातमी आरतीला तिच्याच ब्लॉगवर कळली.

सकाळी चहाचा कप घेऊन ती कॉम्प्युटरपुढं बसली, तेव्हा ताज्या लेखाखाली सगळ्यात शेवटी लिहिलेलं होतं : ‘मैनाबाई काल गेल्या. शेवटपर्यंत तुमचं ते उत्तर वाचत होत्या. आता कोणी, पेपरवाल्यांनीसुद्धा, घर शोधत येऊ नये. — घरची मंडळी.’

चहा तसाच निवला. ‘ते उत्तर’ म्हणजे कोणतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. सोमवारी दुपारी तिनंच ते लिहिलं होतं आणि लिहून झाल्यावर तिला गार वाटलं होतं : ‘मैनाबाई, दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस नाचणार? जमत असेल तर स्वतःचं काही लिहून दाखवा.’

ही मैनाबाई तिनं जन्मात कधी पाहिली नव्हती. पण गेलं वर्षभर तिचा एवढा मत्सर तिनं सख्ख्या जावेचाही केला नव्हता.

आरतीच्या ब्लॉगचं नाव ‘तर्री’. वऱ्हाड सोडून पुण्याला, हैदराबादला, अमेरिकेला गेलेल्या माणसांसाठी ती अमरावतीत बसून लिहायची. पाटोड्या, राखेत भाजलेले रोडगे, लग्नातले रुसवेफुगवे, मे महिन्यातलं ऊन. पहिलं वर्ष कोरडं गेलं. वाचक म्हणजे वरूडचे निवृत्त मास्तर खुशालराव, तेवढेच. लेख टाकण्याआधी ती त्यांना पाठवायची आणि ते ऱ्हस्व-दीर्घ तपासून द्यायचे. मग आरती शहाणी झाली. लेखाच्या शेवटी वाचकांना एक प्रश्न विचारायचा, ज्यानं लिहिलं त्याला नाव घेऊन उत्तर द्यायचं, आणि दुसऱ्यांच्या ब्लॉगवर जाऊन चार बरे शब्द लिहून यायचे. अकोल्याच्या श्यामचा ‘पाणवठा’ तेव्हा जोरात होता. तिथं ती इतकी हिंडली, की त्याचे निम्मे वाचक तिच्या मागं ‘तर्री’वर आले आणि परत फिरकलेच नाहीत.

आणि एक दिवस रोडग्यांच्या लेखाखाली ‘मैनाबाई, तिवसा’ या नावानं कोणीतरी विचारलं : ‘राखेतून रोडगे काढतानी मामाची मिशी जयली, ते काहून नाई लिवलं वो बाई?’

त्या एका ओळीवर सातासमुद्रापलीकडची माणसं पोट धरून हसली. ‘मामाची मिशी’ ही म्हणच होऊन बसली. मैनाबाई नेमानं लिहू लागली आणि वाचक वाढतच गेले. पण आता ते लेख वरवर चाळून खाली धावत. ‘मैनाबाई आज काय म्हणतात?’ आरतीचा जीव जळे. त्या मामाचा किस्सा तर तिनंच आधी लेखात लिहिला होता आणि गावंढळ वाटतो म्हणून खोडला होता. आपण टाकून दिलेलं दुसरीनं उचलावं आणि तिची वाहवा व्हावी, ही आग काही केल्या विझेना.

त्यात अकोल्याच्या एका दैनिकाच्या संपादकांची मेल आली. रविवारच्या पुरवणीसाठी सदर हवं होतं. आरती हरखून पुढं वाचू लागली. पुढची ओळ होती : ‘मैनाबाईंचा पत्ता मिळेल काय?’

तिनं त्या मेलला उत्तर दिलं नाही. सोमवारी मैनाबाईला दिलं.

त्या वर्षांत वऱ्हाडात कुणी ‘गेलं’ म्हटलं की कशानं, हे कोणी तोंडानं विचारत नसे. दुपारपर्यंत ब्लॉगवर शिव्यांचा पाऊस पडला. ‘शेतकऱ्याच्या बाईचा जीव घेतला तुम्ही.’ पुण्याच्या एकानं पोलिसांत जाण्याची भाषा केली.

आरतीनं गजालाला फोन लावला. गजाला तिची कॉलेजातली मैत्रीण, अमरावतीच्या कोर्टात वकिली करायची. साक्षीदाराला गोड बोलून उलटं करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

“तू मारलं काय तिले?” गजालानं पहिलाच प्रश्न टाकला.

“गजाला!”

“विचारावं लागते बाई. उद्या तिवशाले जाऊ. मयतीच्या दारात गेल्याशिवाय मयत समजत नसते.”

२

दुसऱ्या दिवशी गजालाची जुनी मारुती नागपूर रस्त्याला लागली. तिवशाच्या स्टँडवर पानठेल्यावाल्यानं मैनाबाईचं नाव ऐकताच मान हलवली.

“नत्थुजीची मैनाबाई ना? कालपासून तुमी तिसरे. त्या लिंबापासून आत जा.”

लिंबापासून आत वळल्या आणि आरतीचे पाय जागीच थिजले. समोरच्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. आतापर्यंत कुठंतरी आशा होती, की हे सगळं खोटं निघेल. ती परत फिरणार, तोच गजालानं तिचा दंड धरला आणि तिला आत नेलं.

ओसरीवर एक तरणी बाई एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात पडून रडत होती. म्हातारी तिची पाठ थोपटत वैतागून म्हणत होती, “आता पुरे कर ना रुख्मिणी. मी काई मेलो नाई. हे पाह्य, हात लावून पाह्य.”

“मैनाबाई?” आरतीच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला.

“हाव, मीच. तुमी बी हार घेऊन आल्या काय?”

झालं असं होतं. मैनाबाईची लेक रुख्मिणी शेंदूरजनाघाटला दिलेली. तिच्या शेजारच्या व्यापाऱ्याच्या पोरानं पुण्याहून घरी फोन करून विचारलं, तिवशाची मैनाबाई गेली ती आपल्या शेजारच्या वहिनीची आई काय? रुख्मिणी चुलीवरची भाकर तशीच टाकून एसटीत बसली. पोटुशी बाई, वाटेत दोनदा चक्कर येऊन पडली.

“मले तं वाचता बी येत नाई,” मैनाबाई म्हणाली. “मंग मी कॉम्प्युटरवर काय वाचत होतो म्हणता? अन् मले मारून कोनाले काय भेटलं?”

आरतीला वर बघवेना. आपण कोणाला मारलं नाही, याचा आनंद तिला झाला होता. पण रुख्मिणीच्या सुजलेल्या डोळ्यांपुढं तो टिकला नाही.

“कालपासून कोण कोण आलं?” गजालानं विचारलं.

“एक अकोल्याचा पोरगा येऊन गेला. अन् सकायी वरूडचे एक मास्तर. मले जित्ती पाह्यलं, हार खाली ठेवला अन् म्हणाले, ‘मंग तर तीच हाय. मले आदीच समजाले पायजे होतं.’ कोन ती, ते काई सांगलं नाई. चहा बी घेतला नाई.”

३

खुशालराव वरूडच्या आपल्या घरामागं संत्र्याच्या पेट्या भरून घेत होते. आरतीला पाहून त्यांनी हातातलं फळ पेटीत ठेवलं, धोतराला हात पुसले, पण बसा म्हणाले नाहीत.

“मास्तर, मैनाबाई कोण आहे हे तुम्हाला माहीत आहे?”

“माहीत आहे,” खुशालराव म्हणाले. “मैनाबाई तूच आहे.”

गजालानंही चमकून आरतीकडं पाहिलं.

“असं काय पायता वकीलबाई? तो मामाच्या मिशीचा किस्सा हिनं लेखात लिवला होता. मले तपासाले पाठवला, अन् मंग खोडला. छापलेल्या लेखात तो नाईच. अन् दुसऱ्या दिवशी मैनाबाई नेमका तोच किस्सा विचारते! म्या तवाच ओयखाले पायजे होतं. वाचक जमवाले हिनं नकली बाई उभी केली. अन् अंगावर शेकाले लागलं, तशी मारून टाकली.”

“मास्तर, रोडग्याच्या शपथेवर… नाही हो!” आरती काय बोलत होती ते तिलाच समजेना. “मी कशाला असं करीन?”

“मोठं व्हाची घाई, दुसरं काय.” म्हाताऱ्याचा आवाज कापला. “कोनी वाचत नव्हतं तवा हा खुशालराव वाचत होता. तुह्या पहिल्या लेखाखाली पयलं नाव माहं आहे, जाऊन पाय. मैनाबाई आली अन् तू मले लेख पाठवनं बंद केलं. माह्या लंब्या पत्राले तू ‘धन्यवाद मास्तर’ लिवायची, अन् तिच्या एका ओळीले पानभर उत्तर.”

आरती खाली मान घालून उभी राहिली. जिचा आपण मत्सर करत होतो, तिच्यापायी हा माणूसही वर्षभर जळत होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

गजालानं हळूच विचारलं, “मास्तर, त्या निरोपात पेपरवाल्यांनी येऊ नये असं आहे. हे पेपरवाले कोणते?”

“कोन्ते म्हणजे? आजकाल कोनी मेलं की येतेच ते कॅमेरे घेऊन.”

गजालानं मान डोलावली आणि एक संत्र उचलून सोलायला घेतलं. गाडीत बसल्यावर आरती म्हणाली, “तुझाही विश्वास बसला ना त्यांच्यावर?”

“अर्धा बसला,” गजाला म्हणाली. “मिशी तू खोडली होती, हे तू मले काहून नाही सांगितलं?”

“त्यात सांगण्यासारखं काय होतं? योगायोग. मामा काय माझ्या एकटीलाच आहेत?”

“जळलेल्या मिशीचे मामा लय नसतात आरती. आता अकोल्याले जाऊ. तो अकोल्याचा पोरगा म्हणजे ‘पाणवठा’वाला श्यामच असणार.”

४

श्याम अकोल्यात फोटो स्टुडिओ चालवायचा. तिशीचा, हाडकुळा, बोलताना डोळे बारीक करणारा. आरतीला समोर बघून तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

“या मॅडम. माझ्या वाचकांना परत पोचवायला आलात काय?”

“तिवशाला काल तूच गेला होतास,” गजाला म्हणाली.

“गेलो होतो. खोटं कशाला बोलू?” त्यानं खुर्च्या पुढं सरकवल्या. “संपादकसाहेब आमच्या ओळखीचे. मॅडम मेलला उत्तर देईनात, तेव्हा त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, शोधतो. मनात म्हटलं, मैनाबाई सापडली तर तिला आधी ‘पाणवठ्या’वर बसवू आणि मग पेपरात. तोवर ती मेलीच. वाईट वाटलं. पण मॅडम, खरं सांगू? आधी बरं वाटलं. म्हटलं, आता ‘तर्री’ची चव गेली.”

आरतीला त्याचा राग यायला हवा होता. पण संपादकांची मेल वाचताना आपल्याला काय काय वाटलं होतं, ते तिला आठवलं.

“तुला तिचं काय आवडायचं?” गजालानं सहज विचारावं तसं विचारलं.

“तिची नजर! आता ते रोडग्यांचंच बघा. लेखात मामा कुठंच नाही. तिनं तो हवेतून काढला. मॅडमनी कितीही लिहिलं तरी असं सुचणार नाही.”

“ते आधी मलाच सुचलं होतं!” आरती ओरडली. गजालानं टेबलाखालून तिचा पाय दाबला.

“तुम्ही म्हणाल तसं,” श्याम हसला. “पण एक मात्र खरं, बाई रविवारी कधी लिहायची नाही. त्या दिवशी तिची वाट बघून कंटाळलेले चार लोक माझ्याकडं यायचे. माझा धंदाच रविवारचा होता मॅडम.”

गजाला उठली. दारापर्यंत गेल्यावर तिनं आरतीचा हात घट्ट धरला. तिचा चेहरा एकदम उतरला होता.

“मले समजलं कोण ते,” ती म्हणाली. “पण तुले आवडणार नाही.”

५

स्टँडजवळच्या हॉटेलात गजालानं दोन चहा सांगितले. चहा येताच आरतीनं तिला हलवलं.

“देख आरती. मैनाबाई बनवणाऱ्यानं खोडलेली मिशी वाचली होती. मास्तरांनी वाचली. श्यामनं नाही, त्याला वाटते मैनाबाईनं ती हवेतून काढली. बरोबर?”

“बरोबर. म्हणजे मास्तर?”

“थांब. मैनाबाई गेली ती तुह्या बोलण्यानं नाही गेली. निरोपात पेपरवाले आहेत. नसलेल्या बाईचा पत्ता पेपर मागून राहिला, आता पितळ उघडं पडते, म्हणून तिले मारावं लागलं. म्हणजे मारणाऱ्याले संपादकाची मेल माहीत होती. मास्तरांना ती माहीत नाही. त्यांना वाटते मयतीवर येणारे कॅमेरेवाले. श्यामले माहीत होती, पण त्याले मिशी माहीत नव्हती. मिशी आणि मेल, दोन्ही कोणाले माहीत होतं?”

“मला,” आरती म्हणाली.

“तू नाही. तू असतीस तर तिवशात रडणं ऐकून पाय थिजले नसते तुहे. अजून कोण? मेलची गोष्ट तू कोणाकोणाले सांगितली?”

“तुला. आणि…” आरती थांबली. रविवारी दुपारी जेवताना ती ताटावर भांडल्यासारखी बोलली होती. मी लिहून लिहून मरते आणि यांना त्या बाईचा पत्ता पाहिजे. समोर बसलेला माणूस खाली मान घालून वरण कालवत होता.

“आणि ह्यांना,” ती म्हणाली.

ओमप्रकाश, तिचा नवरा. अकोल्याच्या एका बियाणे कंपनीच्या कार्यालयात कामाला. आठवडाभर अकोल्याला खोली घेऊन राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी घरी यायचा. सोमवारी पहाटे परत.

“रविवारी घरी एकच कॉम्प्युटर, अन् त्याच्यापुढं तू,” गजाला म्हणाली. “म्हणून मैनाबाईले रविवारची सुट्टी. तुहे अर्धे लेख तिथंच पडलेले असतात, तू बाहेर गेली की कोणी बी वाचावे. ही मिशी तुले पहिल्याच दिवशी सांगून राहिली होती, आरती. पण तू जळत बसली, म्हणून तुले ती दिसली नाही.”

आरती चहा तसाच टाकून उठली.

६

ओमप्रकाश कार्यालयातून बाहेर आला. दोघींना फाटकाशी बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. खोटं बोलायचा त्यानं प्रयत्नसुद्धा केला नाही.

गजाला गाडीकडं निघून गेली.

“काहून?” आरतीनं विचारलं. एवढंच.

“तुह्या त्या रोडग्याच्या लेखाले कोणीच काही लिहिलं नव्हतं,” तो रस्त्याकडं पाहत म्हणाला. “तू जेवत नव्हतीस धड. म्हटलं, एखाद्यानं एक प्रश्न विचारला तर हिले बरं वाटेल. मी म्हणून विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तुमाले काय समजते. म्हणून बाईचं नाव घेतलं, तिवशाचं. म्या विचारलं अन् तू पानभर उत्तर लिहिलं. लग्नापासून तू मले एवढं कधी बोलली नव्हतीस, आरती.”

“मग थांबायचं होतं.”

“थांबता नाही आलं. शनिवारी मी घरी यायचो अन् तू त्या वाचकांले उत्तरं देत बसायचीस. पुण्याच्या कोण्या बाईची सून बाळंत झाली, ते तुले माहीत. मले ताप होता, ते माहीत नाही. त्या समद्यांचा मले राग यायचा. पण सोमवारी मैनाबाई झालो की त्या समद्यांत तू माह्याशीच जास्त बोलायचीस. अन् लोक बी हसायचे. मले कोणी कधी हसलं नव्हतं माह्या बोलण्यावर.”

“आणि मेल्यावर? ‘शेवटपर्यंत तुमचं उत्तर वाचत होत्या’, हे कशासाठी लिहिलं?”

“तुले लागावं म्हणून,” ओमप्रकाश म्हणाला. “तुह्या उत्तराचा मले लय राग आला होता. पेपरची भीती होतीच, पण तेवढं वाक्य रागानं लिहिलं.”

आरतीला त्याच्या कानाखाली मारावंसं वाटलं. तिनं त्याला रुख्मिणीचं सांगितलं. भाकर चुलीवर टाकून निघालेली, वाटेत चक्कर येऊन पडलेली, जिवंत आईच्या गळ्यात पडून रडणारी. ऐकता ऐकता तो फाटकाच्या कट्ट्यावर खाली बसला.

“चला,” ती म्हणाली. “आधी तिवशाला. मग वरूडला मास्तरांकडं. त्यांची माफी मला मागायची आहे, तुम्ही नुसते उभे राहा. आणि जे घडलं ते घरी गेल्यावर ब्लॉगवर तुमच्या हातानं, तुमच्या नावानं लिहा. मी एक शब्द सांगणार नाही.”

तिवशाला मैनाबाईनं त्याला ओसरीवर बसवून मनसोक्त शिव्या दिल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. रुख्मिणी त्याच्याशी बोललीच नाही; आईच्या मागं बसून ती फक्त बघत होती. ती नजर घेऊनच तो परत गाडीत बसला. वरूडला आरतीनं मास्तरांची माफी मागितली.

रविवारी त्यानं लिहिलं. आरती स्वयंपाकघरात भांडी आवरत राहिली आणि त्यानं हाक मारल्यावरच बाहेर आली. तिनं उभ्यानंच वाचलं. नकली बाई, रुख्मिणी, फाटकाशी झालेलं बोलणं, सगळं होतं. स्वतःला त्यानं कुठं वाचवलं नव्हतं. आणि ते चांगलं होतं. सरळ, दुखरं, मधूनच हसवणारं. आपल्याला असं एक पानही कधी जमलं नाही, हे तिला शेवटच्या ओळीपर्यंत कळून चुकलं. तीच जुनी आग पुन्हा पेटली. फरक एवढाच, की आता ती आग लावणारा माणूस तिवशाचं नाव सांगून लपलेला नव्हता, समोर बनियनवर बसून तिच्या तोंडाकडं बघत होता.

तिनं एक वेलांटी सुधारली आणि लेख ब्लॉगवर टाकला.

निम्मे वाचक चिडून गेले. पुण्याच्या माणसानं दोघांनाही नाटकी म्हटलं. संपादकांनी पुन्हा मेल केली नाही. पण जे राहिले त्यांनी भरभरून लिहिलं, आणि लिहिलं ते ओमप्रकाशला. आरती संध्याकाळपर्यंत एकेक वाचत गेली. मग तिनं खुर्ची वळवली.

“तुमाले लिहायचं आहे काय?” तिनं विचारलं. “खरं सांगा.”

त्यानं नाही म्हणावं, म्हणून ती जिवाच्या आकांतानं वाट पाहत होती. तो नाही म्हणाला असता तर तिनं त्याला तिथल्या तिथं माफ केलं असतं.

“हाव,” ओमप्रकाश म्हणाला.

आरतीनं डोळे मिटले आणि उघडले.

“मंग लिहा,” ती म्हणाली. “पण आपल्या नावानं. अन् दुसरा कॉम्प्युटर घ्या. याच्यावर मी लिहिते.”